त्यांचा छंद, आपला गुन्हा



मुंबईहून आमच्या वस्तीतल्या एका पोराचा निरोप आला. "दादा, तू अमेरिकेत. तिथं बंदूक भाजीसारखी मिळते म्हणतात. एक घे. हातात धरून फोटो काढ आणि पाठव. चौदा एप्रिलच्या बॅनरवर टाकतो. खरा पँथर दिसशील."

मी त्याला उत्तर दिलं नाही. इथं देतोय. कारण हा सवाल त्या एकट्याचा नाही. आपल्यातल्या निम्म्या पोरांच्या डोक्यात हाच फोटो आहे. काळं जाकीट, तिरपी टोपी, हातात रायफल. पँथर म्हणजे एवढंच. बाकी सगळं आपण धुऊन टाकलंय.

तर ऐका. रायफल मी पाहिली. नुसती पाहिली नाही, स्वैपाकघरातल्या टेबलावर ती जुळताना पाहिली. जुळवणारा कोण होता तेही सांगतो. तो आपलाच मराठी माणूस होता. म्हणजे त्यांच्यातला. आपल्यातला नव्हे.

ओहायो राज्यात कोलंबस शहर आहे. तिथं मी नोकरीला. कचेरीतल्या एका गोऱ्या सहकाऱ्यानं शनिवारी घरी बोलावलं. बीअर, भाजलेलं मटण आणि नंतर 'कार्यक्रम'. आमच्याच कचेरीतला एक देशबंधू तिथं आधीच बसलेला. पुण्याकडचा. वीस वर्षं इथं, ग्रीनकार्डवाला. आज त्याची पहिली रायफल जुळणार होती. नवशिका होता. नव्या जावयासारखा नटून आलेला. टेबलावर जुनं टॉवेल पसरलेलं, त्यावर खोक्यांतून निघालेले भाग. नळी, दस्ता, स्प्रिंगा, खिट्ट्या, बोटाएवढे तुकडे. गोरा गुरुजी, पुणेकर चेला. मी बॅटरी धरून उभा.

तीन तास लागले. एक बारकी स्प्रिंग उडाली, फ्रिजखाली गेली. ती मी शोधून दिली. शेवटी वरचा अर्धा आणि खालचा अर्धा दोन खिट्ट्यांवर बसला. पुणेकरानं रायफल खांद्याला लावून आरशात पाहिलं. बायकोला फोन करून दाखवली. पोरगं पहिल्यांदा सायकल चालवतं तेव्हा बापाचं तोंड असतं तसं त्याचं तोंड झालं होतं.

आता ही रायफल काय चीज आहे ते समजून घ्या. नाव ए-आर पंधरा. 'ए-आर' म्हणजे आर्मालाइट रायफल. त्या कंपनीत युजीन स्टोनर नावाच्या इंजिनियरनं 1950 च्या दशकात ती काढली. 1959 मध्ये कोल्ट कंपनीनं हक्क विकत घेतले. हिचंच लष्करी भावंड एम सोळा. व्हिएतनामच्या शेतकऱ्यांवर जे चाललं ते. नागरिकांसाठीची आवृत्ती 1964 पासून दुकानात आली. 1977 मध्ये पेटंट संपलं आणि कुणीही भाग बनवायला मोकळा झाला. म्हणून आज एकाची नळी, दुसऱ्याचा दस्ता, तिसऱ्याचा चाप, सगळं एकमेकांत बसतं. आपल्याकडं दादरला कॉम्प्युटर जुळवून देतात तसं.

यात कायद्याची गंमत बघा. या सगळ्या ढिगाऱ्यात 'बंदूक' कोण? फक्त एक भाग. खालचा सांगाडा, ज्याला हे लोक लोअर म्हणतात. नंबर त्याच्यावर. दुकानात फॉर्म भरायचा, सरकारकडून तपासणी व्हायची, ती त्या एका तुकड्यासाठी. बाकी नळीपासून दस्त्यापर्यंत सगळं टपालानं घरी येतं, चपला मागवाव्यात तसं. स्वतःपुरती रायफल जुळवायला केंद्राचा वेगळा परवाना लागत नाही. काही जण त्याच्याही पुढचे. सांगाडासुद्धा अर्धाकच्चा मागवायचा, घरी पुरा करायचा, म्हणजे नंबरच नाही. भुताची बंदूक. त्यावर 2022 मध्ये सरकारनं नियम आणला, बंदूकवाले कोर्टात गेले, आणि मार्च 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं नियम कायम ठेवला. एवढा नियम आणायला किती बोंबाबोंब! जणू कुणी त्यांच्या देव्हाऱ्यातला देव उचलला.

जुळणी झाल्यावर पुणेकरानं भाषण ठोकलं. "आत्मसंरक्षण हा माणसाचा जन्मसिद्ध हक्क आहे. पोलीस येईस्तोवर माणसानं मरायचं का? आमच्या एरियात हल्ली 'ते' लोक वाढलेत." ते म्हणजे काळे. हे बोलताना आवाज खाली. आपल्याकडं 'ते लोक' म्हणताना ज्या पट्टीत बोलतात, नेमक्या त्याच पट्टीत. सात समुद्र ओलांडले पण पट्टी बदलली नाही.

मग माझ्याकडं वळून म्हणाला, "तुमचं आडनाव काय म्हणालात?"

सांगितलं.

"अच्छा, अच्छा." बस्स. ज्यांना हे 'अच्छा' ठाऊक आहे त्यांना पुढं सांगायला नको.

मी म्हणलं, "साहेब, आत्मसंरक्षण जन्मसिद्ध हक्क. मान्य. मग आपल्या देशातला एक नियम सांगतो. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायदा 1989. त्याचे नियम 1995. त्यातला नियम 3. जिथं अत्याचाराची भीती आहे त्या भागात सवर्णांचे शस्त्रपरवाने रद्द करा, बेकायदा हत्यारं जप्त करा, आणि गरज असेल तर दलित-आदिवासींना शस्त्रपरवाने द्या. असं सरकारच्याच नियमात लिहिलंय. तुमचा पाठिंबा आहे ना?"

पुणेकराच्या मांडीवर रायफल होती. तो म्हणाला, "त्या कायद्याचा फार गैरवापर होतो हो."

दोस्तांनो, हे वाक्य पाठ करून ठेवा. मांडीवर भरलेल्या मापाची रायफल, तोंडात आत्मसंरक्षण, आणि आमच्या हातात एक कागदाचा कायदा तर तो गैरवापर! त्याच्या घराचं रक्षण पोलादानं व्हावं. आमच्या पोरीबाळींचं रक्षण कलमानंसुद्धा होऊ नये. हीच ती मनुस्मृती. फक्त इंग्रजी बोलते, कर भरते आणि शनिवारी मटण खाते.

गोऱ्याला आमची मराठी कळली नाही. त्याला वाटलं मला पण रायफल हवीय. भला माणूस. म्हणाला, "तुला व्हिसावर बंदूक बाळगता येत नाही. पण वाट आहे. शिकारीचं लायसन काढ, मग चालतं." खरंच आहे. कामाच्या व्हिसावरच्या परदेशी माणसाला इथं बंदूक मनाई. पण शिकारीचा परवाना असला तर त्या मनाईतून सूट. मला हसू आलं. आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांची शिकार झाली, आणि आता मी शिकारी झालो की नागरिकाच्या अर्ध्या पायरीवर चढणार!

खोटं कशाला सांगू, त्या रात्री मी झोपलो नाही. शिकारीचं लायसन कसं निघतं ते पाहत बसलो. म्हणलं, का नको? पुणेकराच्या घरात असेल तर माझ्या का नसावी? फोटो पण काढू. पोरं खूष होतील.

मग आठवलं मी कुठं राहतो ते.

हे ओहायो. इथं बंदूक उघड घेऊन फिरायला कायद्याची मनाई नाही. 2022 पासून प्रौढ माणसाला कपड्याआड लपवून बाळगायलाही परवाना लागत नाही. आता ऐका. माझ्या घरापासून गाडीनं तासाभरावर बीव्हरक्रीक आहे. 5 ऑगस्ट 2014. जॉन क्रॉफर्ड नावाचा 22 वर्षांचा काळा पोरगा वॉलमार्टमध्ये गेला. तिथल्या फळीवरची हवेची रायफल, विकायला ठेवलेली, त्यानं हातात घेतली आणि फोनवर बोलत फिरत राहिला. कुणीतरी पोलिसांना फोन केला. पोलीस आले, गोळी घातली, पोरगा मेला. दुकानातला माल हातात घेतला म्हणून! ज्यूरीनं पोलिसावर खटलासुद्धा उभा राहू दिला नाही.

तीन महिने गेले. 22 नोव्हेंबर 2014. याच राज्यातलं क्लीव्हलंड. टामीर राइस, वय वर्षं 12. हातात खेळण्यातलं पिस्तूल. पोलिसांची गाडी बागेत घुसली आणि दोन सेकंदांच्या आत गोळी. दोन सेकंद! तेवढ्यात माझा पुणेकर नळीचं झाकणसुद्धा काढू शकला नसता.

पुढं मिनेसोटा राज्य. 6 जुलै 2016. फिलांडो कॅस्टील, शाळेच्या खाणावळीत काम करणारा काळा माणूस. गाडी अडवली. त्याच्याकडं पिस्तूल होतं, रीतसर परवाना होता. त्यानं अदबीनं सांगितलं, साहेब, माझ्याकडं हत्यार आहे. कायदा पाळणारा माणूस असंच सांगतो. सात गोळ्या. गाडीत बायको म्हणावी अशी मैत्रीण आणि मागच्या सीटवर तिची चार वर्षांची पोर. पोलीस पुढच्या वर्षी निर्दोष सुटला.

आणि दुसरीकडं बघा. 25 ऑगस्ट 2020, विस्कॉन्सिनमधलं केनोशा. 17 वर्षांचा गोरा पोरगा काइल रिटनहाऊस, गळ्यात याच जातीची रायफल. तिघांना गोळ्या घातल्या, दोघे मेले. रायफल गळ्यात तशीच लटकवून, हात वर करून तो पोलिसांच्या गाड्यांकडं चालत गेला आणि गाड्या त्याच्या बाजूनं पुढं निघून गेल्या. तो घरी गेला. 2021 मध्ये कोर्टानं आत्मसंरक्षण म्हणून निर्दोष सोडला.

बंदूक तीच. कायद्याचं पुस्तक तेच. फरक कशाचा? कातड्याचा. गोऱ्याच्या हातात खरी रायफल म्हणजे छंद. काळ्याच्या हातात खेळणं म्हणजे मृत्युदंड. हत्याराला जात नसते, हातांना असते. ज्याला हे कळलं नाही त्यानं कितीही खिट्ट्या बसवल्या तरी त्याच्या हाती काही लागलं नाही.

हे काल-परवाचं नाही. 1857 मध्ये ड्रेड स्कॉटच्या खटल्यात अमेरिकेच्या सरन्यायाधीशानं, टॉनीनं, लिहूनच ठेवलं की काळ्यांना नागरिक मानलं तर काय काय अनर्थ होतील. त्या यादीत एक अनर्थ होता : हे लोक हत्यारं घेऊन कुठंही फिरतील! 1865 मध्ये गुलामी संपली आणि त्याच साली मिसिसिपी राज्यानं कायदा केला, मुक्त झालेल्या काळ्या माणसानं परवान्याशिवाय बंदूक बाळगायची नाही. परवाना देणारा कोण? कालचा मालक. 1956 मध्ये माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंगच्या घरावर बाँब पडला. त्यानं पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला. नामंजूर. ज्याला आपण अहिंसेचा पुतळा करून ठेवलाय त्याचीसुद्धा ही कथा.

आणि आता ज्यांच्या नावावरून आपण 1972 मध्ये मुंबईत नाव घेतलं ते ब्लॅक पँथर. ऑक्टोबर 1966, ओकलंड. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील. त्यांनी काय केलं? कायद्याचं पुस्तक वाचलं. कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघड घेऊन फिरायची मुभा होती. पोलीस काळ्या पोराला अडवतात तिथं जाऊन, ठरावीक अंतरावर, हातात रायफल आणि कायद्याचं पुस्तक घेऊन हे उभे राहायचे. गोळी झाडायला नाही, पाहायला. एवढ्यानं राज्य हादरलं. विधानसभेत लगेच विधेयक. त्याच्या निषेधाला 2 मे 1967 रोजी तीसेक पँथर बंदुका घेऊन सॅक्रामेंटोच्या विधानभवनात गेले. जुलैमध्ये गव्हर्नर रोनाल्ड रेगननं सही केली, मलफर्ड कायदा झाला, मुभा खलास. आज बंदुकीच्या नावानं शंख करणारी नॅशनल रायफल असोसिएशन तेव्हा त्या बंदीच्या बाजूनं होती. आणि तीच संघटना कॅस्टील मेला तेव्हा त्याचं नावसुद्धा न घेता एक मिळमिळीत पत्रक काढून मोकळी झाली.

म्हणजे हिशेब समजला का? गोऱ्यानं उचलली तर घटनेचा हक्क. काळ्यानं उचलली तर घटनेत दुरुस्ती.

आता घराकडं या. कारण पुणेकर इकडं आकाशातून पडलेला नाही.

आमच्या पूर्वजांनी बंदूक धरली नव्हती काय? 1 जानेवारी 1818 चा कोरेगावचा स्तंभ साक्षीला आहे. सुभेदार-जमादार आमच्यात होते. पण 1892 च्या सुमारास इंग्रजाला साक्षात्कार झाला की लढाऊ जाती वेगळ्या आणि महार वेगळे. भरती बंद. 1894 मध्ये गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला, आम्हाला पुन्हा घ्या म्हणून. अर्ज पडून राहिला. मग पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा आम्ही पुन्हा लढाऊ. 1917 मध्ये महारांची पलटण. युद्ध संपलं, 1921 मध्ये मोडीत. दुसरं महायुद्ध आलं, बाबासाहेबांनी रेटा लावला, 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. 1946 मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली. काय म्हणावं? पलटणीत मशीनगन आमच्या हवाली, आणि त्याच जवानाचा बाप गावच्या पाणवठ्यावर ओंजळ पुढं करून उभा. सरकारला गरज लागली की आमचे हात लढाऊ, गरज सरली की पुन्हा बाटलेले.

आणि शस्त्रपरवान्याला जात नसते असं म्हणणाऱ्यांनी कोडगूकडं बघावं. कोडव जमातीच्या माणसाला ब्रिटिश काळापासून शस्त्रपरवान्यातून सूट. जन्मावरून. 2019 मध्ये केंद्र सरकारनं ती 2029 पर्यंत वाढवली. माझं कोडवांशी भांडण नाही. माझा सवाल सरकारला आहे. जन्मावरून सूट देण्याचं शास्त्र तुम्हाला येतं, मग जन्मावरून मारल्या जाणाऱ्यांसाठी तुमच्याच नियम 3 मध्ये लिहिलेला परवाना का आठवत नाही?

बिहारचं लक्ष्मणपूर बाथे. 1 डिसेंबर 1997 ची रात्र. रणवीर सेनेनं 58 माणसं मारली. बाया होत्या, लेकरं होती. खालच्या कोर्टानं 2010 मध्ये 26 जणांना शिक्षा दिली. 2013 मध्ये पाटणा हायकोर्टानं 26 च्या 26 सोडले. 58 मेले, मारलं कुणीच नाही. बंदुका आपोआप जुळल्या, आपोआप उडाल्या आणि आपोआप गायब!

आणि त्याच वर्षी 11 जुलैला माझ्या वस्तीत. घाटकोपर, रमाबाई आंबेडकर नगर. पहाटे बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार. माणसं रस्त्यावर आली. राज्य राखीव पोलीस दलानं गोळीबार केला. 10 माणसं मेली. मी तेव्हा सात वर्षांचा. आईनं मला पलंगाखाली कोंबलं आणि स्वतः पुढं आडवी झाली. पत्र्याच्या भिंतीला गोळी अडवता येत नाही हे तिला ठाऊक होतं. आईचं शरीर हेच आमचं शस्त्र, हाच आमचा परवाना. ज्या पोरानं मला निरोप धाडला त्याचा जन्म त्यानंतरचा. पण तो त्याच गल्लीत वाढला. त्याच्या फोटोच्या भुकेला मी हसत नाही. ती भूक कुठून आली हे मला माहीत आहे.

म्हणून मी अहिंसेचा टिळा लावून तुम्हाला कीर्तन सांगायला बसलेलो नाही. बाबासाहेबांनी 1946 मध्ये ज्या डॉ. ड्यू बॉइसना पत्र लिहिलं, ते 1906 मध्ये अटलांटात काळ्यांची कत्तल झाली तेव्हा दारात बंदूक घेऊन बसले होते. आयडा वेल्सनं तर 1892 मध्येच लिहिलं की काळ्यांच्या घरात रायफलीला मानाची जागा द्या. मरताना प्रतिकार करू नका असं आपल्याला सांगण्याचा हक्क कुणाच्या बापाला नाही.

पण प्रतिकार आणि फोटो यांत फरक आहे. तो सांगतो.

पँथरांचा फोटो राहिला, काम पुसलं गेलं. जानेवारी 1969 पासून ओकलंडच्या एका चर्चमध्ये त्यांनी शाळेत जाणाऱ्या पोरांना सकाळचा फुकट नाश्ता सुरू केला. मग गावोगाव. दवाखाने काढले. सरकारच्या गुप्त पोलिसांना या नाश्त्याची धास्ती बंदुकीइतकीच होती. कारण बंदूकवाल्याला गोळी घालता येते. पोरांना खाऊ घालणाऱ्या बाईला कशी घालणार? फ्रेड हॅम्प्टन शिकागोत हेच काम करत होता. वय 21. 4 डिसेंबर 1969 च्या पहाटे पोलीस घरात घुसले. घराचा नकाशा त्याच्याच माणसांत पेरलेल्या खबऱ्यानं पुरवला होता. पोलिसांनी नव्वदच्या आसपास गोळ्या झाडल्या. पँथरांकडून एक. घरात बंदुका होत्या! वाचला का तो? खबऱ्या आत असला की बंदूक पुरावा होते, संरक्षण होत नाही.

आपल्याकडं बघा. 10 जानेवारी 1974 ला मुंबईच्या मोर्च्यात भागवत जाधव मेला तो वरून टाकलेल्या दगडानं. खैरलांजीत, 29 सप्टेंबर 2006 ला, काठ्या, कुऱ्हाडी, सायकलच्या चेना होत्या. बंदूक नव्हती. सगळं गाव एका बाजूला असलं की बंदूक लागत नाही. 28 एप्रिल 2014 ला खर्ड्यात नितीन आगेला दिवसाढवळ्या मारलं. 17 वर्षांचं पोर. 2017 मध्ये आरोपी सुटले, कारण साक्षीदार फुटले. आता सांगा, त्या कोर्टात कमी काय पडलं? रायफल? की न फुटणारी माणसं?

हाच माझा मुद्दा आहे. पुणेकराच्या टेबलावर मला तो दिसला. ती रायफल सुटे भाग होती तोवर लोखंडाचा ढीग होती. कुणीतरी बसून जुळवली तेव्हा शस्त्र झाली. आपल्या कायद्याचे भाग तसेच पडलेत. खोक्यातून बाहेरसुद्धा काढलेले नाहीत.

मोजा. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा. साठ दिवसांत आरोपपत्र. अटकपूर्व जामीन नाही. कलम 15-अ, 2016 पासून लागू : पीडिताला आणि साक्षीदाराला संरक्षण, जामिनाच्या वेळी पीडिताचं म्हणणं ऐकायचं, कामकाजाचं चित्रीकरण. कलम 4 : कर्तव्य टाळणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा. नियम 17 : प्रत्येक जिल्ह्यात दक्षता समिती, तीन महिन्यांतून एकदा तरी बैठक. नियम 16 : मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्याची समिती, वर्षातून दोनदा. आणि तो नियम 3.

तुमच्या जिल्ह्यातली दक्षता समिती शेवटची कधी बसली? किती जणांना माहीत आहे? तुमच्या तालुक्यात गेल्या अत्याचारानंतर एकाही सवर्णाचा शस्त्रपरवाना रद्द झाला का? माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. बॅनरला किती लागतात?

आणि जुळणी जमते हे आपण करून दाखवलंय. 20 मार्च 2018 ला सुप्रीम कोर्टानं ॲट्रॉसिटी कायद्याचे दात काढले. 2 एप्रिलला देश बंद झाला. ग्वाल्हेरमध्ये एक इसम भर रस्त्यात पिस्तूल झाडताना साऱ्या देशानं व्हिडिओत पाहिला. आपली माणसं मेली. हत्यार त्यांच्याकडं होतं. पण ऑगस्टमध्ये संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला, कलम 18-अ घालून दात परत बसवावे लागले. कुणी बसवले? पिस्तूलवाल्यानं? नाही. रिकाम्या हातांनी रस्त्यावर उतरलेल्या लाखोंनी. मेलेल्यांच्या रक्तानं. ते कलम फोटोसाठी नाही. वापरा.

तर, पोरा, तुझं उत्तर. मी रायफल घेतली नाही. शिकारीचं लायसन काढलं नाही. भ्यालो असं समज हवं तर. या देशात माझ्या रंगाच्या हातात ती दोन सेकंदांची वस्तू आहे, आणि आपल्या देशात तुझ्या आडनावाच्या हातात ती फोटोपुरतीसुद्धा शस्त्रास्त्र कायद्याची केस आहे. गावठी कट्टा घेऊन रील काढणारी सवर्ण पोरं जामिनावर सुटतात. तू काढलीस की तुझ्या सगळ्या गल्लीची झडती होते. ठाणेदार त्याच फोटोची वाट बघत बसलाय. त्याच्या हातात तो आयता देऊ नकोस.

त्यापेक्षा एक कर. गल्लीतली पाच पोरं आणि पाच पोरी घे. एकीनं वकिली शिकायची. एकानं एफआयआर कशी लिहून घ्यायची ते पाठ करायचं. दोघांनी साक्षीदाराच्या घरी रात्री झोपायचं, खटला संपेस्तोवर. एकानं दर तीन महिन्यांनी कलेक्टरच्या दारात उभं राहायचं, बैठक झाली का विचारत. आणि जिथं खरोखर जीव धोक्यात आहे तिथं नियम 3 खाली परवान्याचा अर्ज करायचा. उघड, लेखी, शिक्का मारून. नाकारू देत. नाकारल्याचा कागद जपून ठेव. मग तो कागद घेऊन आपण विचारू, की आत्मसंरक्षण हा जन्मसिद्ध हक्क आहे तर आमचा जन्म तुम्ही कुठल्या वहीत नोंदवलाय?

पुणेकराची रायफल कपाटात आहे. तो दर रविवारी ती काढतो, पुसतो, पुन्हा ठेवतो म्हणे. त्याला शत्रू मिळालेला नाही. आपल्याला शत्रू पाठ आहे, पण जुळणी बाकी आहे.

बॅनरवर माझा फोटो टाकू नकोस. नियम 3 टाक. मोठ्या अक्षरात.

जयभीम.